मागणीपत्र आणि कापसाचा हंगाम

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) आवारात आमचा प्रॉडक्ट डिझाइनचा छोटा स्टुडिओ आहे. गोदामाच्या अर्ध्या भागात संगणक, ड्रॉइंगची टेबले आणि थ्रीडी प्रिंटर आहे. उरलेल्या अर्ध्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, पाइप वाकवण्याचे यंत्र आणि दोन शिलाई मशीन आहेत. शेतीची अवजारे, फवारणीची साधने, डाळ मिलचे सुटे भाग, बांबूच्या वस्तू, कधी शाळेची बाके, असे जे काम येते ते आम्ही करतो. पुण्या-मुंबईचे ग्राहक पहिल्या भेटीत मोठ्या अदबीने विचारतात, की एवढ्या आतल्या गावात स्टुडिओ का काढला. नागपूरचे नातेवाईक हाच प्रश्न अदब न बाळगता विचारतात. भाडे कमी पडते हे उत्तर खरे असले तरी ते अपुरे आहे. ग्राहकाला ज्या गोष्टीसाठी आम्ही पैसे मागतो ती गोष्ट इथे राहिल्यामुळेच देता येते, असे माझे मत आहे आणि त्याविषयीच आज लिहायचे आहे.

आमच्या व्यवसायात ग्राहकसेवा म्हणजे फोन तत्परतेने उचलणे, सादरीकरण देखणे करणे आणि ग्राहक म्हणेल तो बदल संध्याकाळपर्यंत करून पाठवणे, असा एक सर्वसाधारण समज आहे. ही सगळी कामे करावीच लागतात, पण ती सेवेची वरची साल झाली. ग्राहक जे मागतो आहे ते नेमके काय आहे, ते कोणासाठी आहे आणि ते झाले की नाही हे कशावरून ठरवायचे, एवढे कागदावर उतरवून त्याच्याकडून मान्य करून घेणे ही खरी सेवा, आणि तीच सर्वांत अवघड. पहिल्या ईमेलमध्ये बहुधा तीनच विशेषणे असतात: स्वस्त, टिकाऊ आणि आकर्षक. स्वस्त म्हणजे किती रुपयांत, टिकाऊ म्हणजे किती हंगाम आणि आकर्षक म्हणजे कोणाच्या डोळ्यांना, हे त्यात नसते. या तीन विशेषणांचे आकडे होईपर्यंत आम्ही पेन्सिल हातात घेत नाही. जो कागद त्यातून तयार होतो त्याला आम्ही मागणीपत्र म्हणतो.

स्टुडिओत नव्याने आलेल्या मुलामुलींना मागणीपत्र कसे असावे हे समजावण्यासाठी मी एक जुना नमुना वापरतो. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. बक्षिसाची रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी होती यात शंका नाही, पण मला त्यामागच्या अटी अधिक मोलाच्या वाटतात. यंत्र हलके, सहज नेता येण्याजोगे आणि खेड्यातील साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता येईल असे असावे. एका बाईला फार न थकता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. आठ तासांत 12 ते 20 नंबरचे (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) 16,000 वार सूत निघावे. भारतात बनवण्याचा खर्च 150 रुपयांच्या वर जाऊ नये. वेळेवर डागडुजी केली तर यंत्र 20 वर्षे न थांबता चालावे आणि डागडुजीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. कोण वापरणार, कुठे वापरणार, किती वेळ वापरणार, उत्पादन किती, किंमत किती, आयुष्य किती, दुरुस्तीवर खर्च किती, हे सारे इतक्या थोड्या ओळींत आले आहे. त्या सर्व अटी एकत्र पाळणारे यंत्र कोणालाही करता आले नाही आणि ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मागणी चोख असली म्हणजे ती पुरी होतेच असे नाही, पण ती पुरी झाली नाही हे निर्विवादपणे सांगता येते, आणि आमच्या धंद्यात तेही थोडे नव्हे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे कितीतरी प्रकार मांडून ठेवलेले आहेत. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला तिथे पाठवतो आणि प्रत्येक चरखा कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून झाला असावा, हे लिहून आणायला सांगतो.

एका कामाविषयी जरा सविस्तर लिहितो. सुताच्या व्यवहारातील मुंबईच्या एका कंपनीला कापूस वेचणाऱ्या बायांसाठी पिशवी हवी होती. ही कंपनी शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत कचराविरहित कापूस खरेदी करते. त्यांनी सोबत एक संगणकीय चित्रही पाठवले होते. चित्रातली पिशवी पांढऱ्या चकचकीत पॉलिप्रॉपिलीनची, गळ्यात अडकवायची, तोंडाला वेल्क्रो असलेली आणि समोर कंपनीचे ठसठशीत बोधचिन्ह मिरवणारी होती. नोव्हेंबर लागला होता, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा, म्हणजे वेचणीची पहिली फेरी, सुरू झाला होता, म्हणून आम्ही चित्र बाजूला ठेवले आणि शेतात गेलो.

वेचणीला येणाऱ्या बाया लुगड्यावर किंवा साडीवर घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कमरेला जुन्या साडीची किंवा चादरीची ओटी बांधतात. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, ती नखाच्या कडेला टोचत राहतात, त्यामुळे बोट कुठून आत घालायचे हे हाताला पाठ झालेले असते. ओटीत चार-पाच किलो कापूस झाला की बाई धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) ढिगाकडे जाते, ओटी सोडून रिकामी करते आणि पुन्हा आपल्या ओळीत येते. मजुरी किलोवर असते. म्हणून ढिगाकडे जाणारी प्रत्येक खेप तिला तोट्याची पडते, आणि खेपा कमी कराव्यात तर कमरेवर ओझे वाढते. पिशवीचा आकार ठरवण्याचा सगळा हिशेब या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता, आणि मुंबईच्या चित्रात तो कुठेच नव्हता.

गळ्यात अडकवायची पिशवी एका मावशींनी घालून पाहिली आणि लगेच काढून ठेवली. "ओझं कमरीवर येऊ द्या जी, मानेले काहून लटकवता?" एवढे बोलून त्या ओळीला लागल्या. अर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे शरीराला सोयीची साधने करण्याच्या शास्त्राच्या, पुस्तकात हेच दोन पानांत आकृतीसह लिहिलेले असते. आम्ही पट्टे पाठीवर फुलीसारखे नेऊन ओझे कमरेच्या रुंद पट्ट्यावर आणले. मग पट्टे शर्टाच्या कॉलरखाली घुसतात असे दिसले, म्हणून ते खांद्यावर थोडे बाहेर सरकवले. वेल्क्रो तर पहिल्याच दुपारी निकालात निघाले, कारण त्याच्या बारीक आकड्यांत कापसाचे तंतू गच्च भरले आणि ते चिकटेनासे झाले. त्याऐवजी नाडी आली. पिशवी उलटी करून झटकताना बाईला पुरते वाकावे लागत होते. खालून नाडी सोडली की कापूस ढिगावर पडेल असे तोंड केल्यावर ते वाकणे गेले. पदराला किंवा पिशवीच्या शिवणीला पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) फांदी अडकू नये म्हणून कडा आत दुमडून शिवल्या.

कापडाचा वाद सर्वांत लांबला. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, धुवायला सोपे आणि त्यावर छपाईही झकास होते, हे कंपनीच्या खरेदी विभागाचे म्हणणे होते. पण खताच्या रिकाम्या चुंगड्यांचे (पोत्यांचे) प्लॅस्टिकचे धागे कापसात जातात आणि जिनिंगमध्ये त्यांचे तुकडे होऊन ते रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, मिसळतात. पुढे सुतात आणि कापडात गेल्यावर ते रंग धरत नाहीत आणि थानावर ठिपके दिसू लागतात, ही तक्रार सूतगिरण्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. कचराविरहित कापसासाठी काढलेली पिशवीच प्लॅस्टिकची असावी, यातली विसंगती आम्ही पत्रातून दाखवली, पण पत्राने काम झाले नाही. शेवटी त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये नेऊन, रुईतून हाताने कचरा वेचणाऱ्या बायांच्या टोपलीत काय काय जमा झाले आहे ते दाखवले. चुंगडीचे धागे, केस, सुतळी आणि खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) प्लॅस्टिकच्या पन्न्या. त्यानंतर सुती कापड मान्य झाले.

त्या पन्न्यांमुळे पिशवीला बाहेरून एक खिसा आला. खिशाने प्रत्येक पिशवीमागे खर्च वाढत होता, म्हणून कंपनीला तो नको होता. आम्ही आमचे म्हणणे लावून धरले, कारण खर्रा किंवा तंबाखू खाऊन झाल्यावर पन्नी ठेवायला जागा नसेल तर ती ओटीतच जाणार, हे शेतात उभे राहिलेल्या कोणालाही दिसते. तंबाखूसाठी खिसा असे कंपनीच्या अहवालात लिहिणे त्यांना अवघड वाटत होते, म्हणून अहवालात तो मोबाइलचा खिसा झाला. बाया त्यात मोबाइलही ठेवतात, तेव्हा अहवाल खोटा आहे असे म्हणता येणार नाही.

आमच्या वेळापत्रकाचे गाडे ग्राहकांना सर्वांत जड जाते. कंपन्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. नव्या अंदाजपत्रकातून काम मंजूर होते आणि जूनपर्यंत चाचणीचा अहवाल मागितला जातो. एप्रिलमध्ये वेचणीची पिशवी कुठे तपासणार? तोवर शेतात पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि वखरपाळी चाललेली असते. फवारणीचे साधन ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यातच तपासले पाहिजे, तिफनीला बसवायचा भाग पेरणीच्या आठवड्यांतच, आणि तुरीसाठीच्या डाळ मिलचा भाग तूर घरात आल्यावर. हा काळ हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. प्रयोगशाळेत, वातानुकूलित खोलीत, नकली झाडांवर चाचणी घेता येत नाही असे नाही. पण सकाळच्या दवाने ओला झालेला कापूस आणि दुपारचा कोरडा कापूस हाताला आणि पिशवीला वेगळे लागतात, आणि सीसीआय (सरकारचे कापूस खरेदी करणारे महामंडळ) 12 टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा असलेला कापूस घेत नाही, म्हणून दव सुकेपर्यंत वेचणी थांबवणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस कसा आखलेला असतो, हे त्या खोलीत कळत नाही. म्हणून कामाच्या करारात आम्ही तारखांच्या जोडीला पिकाची अवस्थाही लिहितो. एका ग्राहकाच्या कायदा विभागाने 'दुसरा वेचा सुरू झाल्यावर' या शब्दांवर लाल रेघ मारून व्याख्या मागितली होती. आम्ही व्याख्या पाठवली आणि ती त्यांनी करारात घेतली.

कामाचा दिवसही हवामानाप्रमाणे बदलतो. मे महिन्यात वेल्डिंगची कामे पहाटे उरकतात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे केलेले नमुने त्या महिन्यात आम्ही गाडीत ठेवून कुठे नेत नाही, कारण हे प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते. चंद्रपूरच्या ग्राहकाला दाखवायचा नमुना तर उन्हाळ्यात लोखंडाचा किंवा लाकडाचाच बनवतो. वीज गेली की ऑनलाइन बैठक मोबाइलवर येते आणि मोबाइलचे नेटवर्कही गेले की बैठक उद्यावर जाते. आता ग्राहकांनाही याची सवय झाली आहे.

पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा, ही आमच्या कामातली मूळ अडचण आहे. वापरणाऱ्याचे म्हणणे पैसे देणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आमच्याकडे येते आणि ते नेहमीच सुखाचे नसते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर संरक्षक कपड्यांची कामे आमच्याकडे येऊ लागली. बहुतेक मागण्यांमागे एक गृहीतक असायचे: कपडे आहेत, पण शेतकरी अडाणीपणाने ते घालत नाहीत, तेव्हा त्यांना पटवणारी चित्रे, स्टिकर आणि माहितीपत्रके करून द्या. ज्या कपड्यातून हवा जात नाही तो अंगावर चढवून, 16 लिटरचा पंप पाठीवर घेऊन, डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून सप्टेंबरच्या दुपारी अर्धा तास चालून पाहावे, एवढीच विनंती आम्ही करत असू. एका ग्राहकाने ती मानली, स्वतः येऊन चालले, आणि परत आल्यावर स्टिकरचे नाव काढले नाही. त्या कामाच्या मागणीपत्रात पहिली अट अशी लिहिली गेली, की फवारणी करणाऱ्या माणसाने तो कपडा दोन तास स्वखुशीने अंगावर ठेवला पाहिजे. दुसऱ्या एका ग्राहकाला मात्र स्टिकरच हवे होते. आम्ही नकार दिला आणि ते काम दुसरीकडून झाले. नकार देणे हाही सेवेचा भाग आहे असे मी मानतो, जरी त्या महिन्यात पगाराची जुळवाजुळव करताना हे मत थोडे डळमळले होते.

स्थानिक ग्राहकांची तऱ्हा वेगळी. तालुक्यातले फॅब्रिकेशनवाले, डवरे-वखर बनवणारे मिस्त्री, बचतगटाच्या ताई हे मागणीपत्र वगैरे काही वाचत नाहीत. त्यांच्याशी सगळे बोलणे वस्तूसमोर उभे राहून होते. त्यांना आपला वापरणारा कोण हे सांगावे लागत नाही, कारण तो पोळ्याच्या आधी दुकानात येऊन उभाच राहतो. त्यांची शंका निराळी असते: लोखंडाचे पैसे समजतात, मजुरीचे समजतात, पण कागदावरच्या चित्राचे पैसे कशाचे? या प्रश्नाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ड्रॉइंगप्रमाणे कापल्यावर एका पाइपात किती तुकडे अधिक निघाले आणि जिगवर (भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बसवल्यावर दहावे यंत्र पहिल्यासारखेच कसे झाले, हे त्यांच्याच वर्कशॉपमध्ये दाखवले की हिशेब त्यांचा तेच करतात.

याच मंडळींना नकलेचा त्रास सर्वांत जास्त होतो. चांगले अवजार एका हंगामात खपले की पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यात हुबेहूब तेच दिसते. डिझाइन कायदा 2000 नुसार वस्तूच्या बाह्यरूपाची नोंदणी करता येते. ती दहा वर्षे टिकते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. पण अर्ज करण्यापूर्वी ते रूप लोकांसमोर आलेले नसावे, ही अट बहुतेकांना ठाऊक नसते. नागपूरच्या कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचे, गर्दीने फोटो काढायचे आणि मग नोंदणीचे पाहायचे, असा उलटा क्रम चालतो. शिवाय ही नोंदणी दिसण्याला संरक्षण देते, यंत्र आतून कसे चालते त्याला नाही. त्यासाठी पेटंटची वाट आहे आणि ती लांबची व खर्चाची आहे. प्रदर्शनाची तारीख आणि अर्जाची तारीख एका कागदावर लिहून भिंतीला लावणे, एवढे आम्ही प्रत्येक स्थानिक ग्राहकासाठी फुकट करतो.

पैशांविषयी थोडेच लिहितो, कारण या विषयावर सगळ्या छोट्या व्यावसायिकांचे रडगाणे सारखेच असते. लघुउद्योगांविषयीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागते; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. ते व्याज मागण्याचे धाडस कोणी करत नाही, कारण पुढचे काम हवे असते. एक मोठा ग्राहक आमचे बिल प्रत्येक वेळी नव्या कारणाने परत पाठवत असे. 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याने मात्र असे केले, की त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. तेव्हापासून मार्च महिन्यात त्याच ग्राहकाच्या लेखा विभागातून आपणहून फोन येतो आणि आवाजात कमालीची आपुलकी असते.

ड्रॉइंग हाती दिले, अंतिम नमुना मंजूर झाला, बिल निघाले की काम संपले, असे आमच्याकडे पूर्वीपासूनच मानत नाही. गावोगावच्या हातपंपांचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवते. 1970 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने तयार झालेला इंडिया मार्क टू पंप अतिशय दणकट होता, पण त्याच्या सिलिंडरमधला वॉशर बदलायचा तर संपूर्ण पाइप जमिनीतून वर ओढावा लागे, त्यासाठी गाडी, माणसे आणि तिकाटणे (तीन पायांची घोडी) लागे. नंतरच्या मार्क थ्रीमध्ये उभा पाइप रुंद केला आणि आतला दट्ट्या त्या पाइपातूनच वर काढता येऊ लागला. पंप तोच, पण दुरुस्ती गावातल्या माणसाच्या हातात आली. आमच्या प्रत्येक यंत्रात शेतकऱ्याला जिथे जिथे उघडावे लागेल तिथे आम्ही 8 मिलिमीटरचा बोल्ट वापरतो, कारण त्याला बारा-तेराचा पाना लागतो आणि तो पाना मोटारसायकल असलेल्या बहुतेक घरांत सापडतो. षट्कोनी खाचेचे स्क्रू दिसायला सुबक असतात, एका ग्राहकाने ते आग्रहाने मागितलेही होते. तशी ॲलन की आठवडी बाजारात मिळवून दाखवा, असे म्हटल्यावर आग्रह मावळला.

हल्ली करारात आम्ही एक कलम ठेवतो: वस्तू बाजारात गेल्यानंतरच्या पहिल्या दोन हंगामांत आमचा माणूस ती वापरणाऱ्यांकडे जाईल आणि त्याचे शुल्क मूळ रकमेतच धरले जाईल. खरेदी विभागाला वाटाघाटीत हेच कलम सर्वांत आधी कापावेसे वाटते. ते कापले तर ड्रॉइंगवर आमचे नाव घालू नये, एवढी एकच अट आम्ही त्यावर ठेवली आहे. वेचणीच्या पिशवीच्या करारात ते राहिले, म्हणून यंदा दुसऱ्या वेच्याला आमच्या दोघीजणी पुन्हा त्याच शिवारात आहेत. कमरेचा पट्टा धुतल्यावर आकसतो अशी तक्रार आली आहे, आणि कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायचे की पट्टा दोन बोटे लांब ठेवायचा, याचा खर्चाचा तक्ता शुक्रवारपर्यंत मुंबईला पाठवायचा आहे.